भाऊबीजेला जाताना टायरात किती हवा

जीप अंगणात उभी असते. दुपारचं जेवण झालं की मी तिच्यात जाऊन बसतो. ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर, दार लोटून घेऊन. झोप लागतेच असं नाही. पण समोरच्या भिंतीकडे बघत राहिलं की थोड्या वेळानं भिंत हळूहळू अंगावर यायला लागते, रस्ता येतो तशी, आणि मी चाललोय असं वाटतं. शेजारचे म्हणतात म्हातारा खुळावला. म्हणू दे. बायको गेल्यावर माणसानं कुठं बसावं याचा कायदा नाही.

सीट तिची. ती पौषात गेली. मी चौथी शिकलेला माणूस. आधी बापाची बैलगाडी हाकली, मग अंबरनाथला एका कंपनीत हेल्पर म्हणून राबलो. लिहिणं माझं काम नाही. पण त्या टायरातल्या हवेचं लिहावंसं वाटतं. एवढं डोकं मी आयुष्यात दुसऱ्या कशाला लावलं नाही.

जीप मुलाची. आम्ही बदलापूरला बेलवलीत राहतो. शेत होतं तिथं आता बिल्डिंगा आहेत. एक तुकडा बारवीच्या बाजूला उरलाय, तिथं पावसात गुडघाभर चिखल. त्या नावाखाली पोरानं कंपनीची चाकं काढली आणि उल्हासनगरहून ही राक्षसी चाकं बसवून आणली. चाक माझ्या कमरेला लागतं. खाचा इतक्या खोल की बोट घातलं तर अर्धं आत जातं.

ती ओट्यावर उभी होती. म्हणाली, "ट्रॅक्टर घ्यायचा होता तर सरळ ट्रॅक्टर घ्यायचा ना रे."

"आई, याला लूक म्हणतात."

"लूक म्हणे. आणि चढायचं कसं? शिडी लावून?"

तेव्हा ती चढली. शिडीबिडी न लावता, साडी सावरून, मुलाच्या खांद्यावर हात ठेवून. शेतावर गेलो. चिखलातून जीप अशी डुलत गेली की ती होडीत बसल्यासारखी कडेला धरून हसत होती. ती घाटावरची, माळशेजच्या वरची, होडीत कधी बसलेली नाही. पण मला तेव्हा तसंच दिसलं.

दुसऱ्या वर्षी तिचा मणका बसला. पडली नाही, आपटली नाही. कळशी उचलायला वाकली आणि तशीच खाली बसली. डॉक्टर म्हणाले हाडं ठिसूळ झालीत. पट्टा बांधा, बसवा, चार पावलं चालवा, फक्त दणका बसू देऊ नका. दणका कशाला म्हणतात ते दवाखान्यातून रिक्षानं घरी येतानाच कळलं. मेला तो प्रत्येक स्पीडब्रेकर. ती ओरडायची नाही. माझं मनगट धरायची, आणि तिच्या बोटांवरून मला कळायचं.

त्यानंतर तिची झोप गेली. पाठ टेकली की कळ, कुशीवर वळली की कळ. डुलकी लागायची आणि कळ तिला उठवायची. मी तिला पलंगावरून उचलून खुर्चीत ठेवायचो, खुर्चीतून पलंगावर. उचलताना म्हणायची, "लग्नात नाही उचललंत, आता हौस आली होय."

तिला एक धाकटा भाऊ. माहेर ओतूरच्या पुढं, हायवेपासून आत. दर भाऊबीजेला तोच खाली यायचा, एसटीनं, पिशवीत घाटावरचा कांदा आणि बाजरी घेऊन. धाकटा खरा, पण पाय आधी त्याचे गेले. आदल्या भाऊबीजेला तो आला नाही. ती ताट तयार करून बसली होती, ते तसंच देव्हाऱ्यापुढं ठेवलं.

दसऱ्याला अंगणात जीपची पूजा चालली होती. ती खुर्चीत बसून बघत होती. मुलगा हार घालतोय, मी चाकाखाली लिंबं ठेवतोय, आणि ही म्हणाली, "यंदा भाऊबीजेला मी जाणार."

"कशी जाणार?"

"याच्यात."

मुलगा म्हणाला, "आई, ॲम्ब्युलन्स करू. झोपून जाता येईल."

"त्याच्यात मी एकदाच झोपणार आहे. तेव्हा मला विचारूही नका."

साधी मोटार तिला जमेना. खाली वाकून आत शिरायचं म्हणजे मणका दुमडायचा. जीपची सीट उंच, सरळ, खुर्चीसारखी. मी उचलून ठेवली की काम झालं. राहिला तो दणका. माळशेजपर्यंतचा आणि वरचा सगळा रस्ता तिच्या एका मणक्यातून जाणार होता.

आता आमच्या घरची खोड सांगतो. दसऱ्याला आम्ही गाडी धुतो, हार घालतो आणि हवा गच्च भरतो. गच्च म्हणजे गच्च. हे बैलगाडीपासून आलंय. बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव ढिली झाली की गाडी मोडली म्हणून समजा. त्यामुळे चाक म्हणजे कडक, मारलं की टणकन वाजलं पाहिजे, हे आमच्या हाडात बसलेलं. टायरच्या कडेला कंपनीनं एक आकडा कोरलेला असतो. मुलगा तेवढी भरून आला. आकडा आहे म्हणजे तेवढी मावते, आणि मावते तेवढी द्यायची. सणाच्या दिवशी कुणाला अर्धपोटी ठेवतात का?

ती म्हणाली, "मी अशी बसणार नाही. माझ्या सीटवर तांब्या ठेवा पाण्यानं काठोकाठ भरून. कात्रपला जाऊन या. तांब्यात पाणी राहिलं तर मी येते."

मी मागं बसलो, पुढं हात घालून तांब्या बुडाशी नुसता धरून. पूल चढून कात्रपला गेलो नि आलो. प्रत्येक खड्ड्याला पाणी उडी मारायचं. परत आलो तेव्हा तांब्या अर्धा आणि सीट चिंब.

तिनं वाकून बघायचा प्रयत्न केला, जमलं नाही, म्हणून तांब्याच जवळ मागितला. आत बघून म्हणाली, "ही मी का?"

मग मुलानं उलटं टोक गाठलं. चिखलात जाताना ही पोरं हवा सोडतात, टायर पसरतो, बसका होतो, रुतत नाही. त्यानं तेवढी सोडली. गल्लीत फिरून आलो तर तांब्यातलं पाणी हललं नाही. देवाशपथ सांगतो, जीप रस्त्यावरून न जाता रस्त्याच्या बोटभर वरून जातेय असं वाटलं. हेंद्रेपाड्याच्या वळणावर मी डोळे मिटले तर मी कुठं आहे ते मला कळेना. ती खूश. मुलगा खूश. पिशवी भरायला घेतली तिनं.

माझ्या मनात आलं, एकदा मोठ्या रस्त्यावर बघू. कर्जतच्या दिशेला जो हायवे जातो त्यावर घेतली. वेग वाढला तशी जीपची कंबर हलायला लागली. मुलगा स्टिअरिंग थोडं फिरवायचा, गाडी थोड्या वेळानं ऐकायची. उतरून टायरला हात लावला आणि काढून घेतला. तव्यासारखा तापलेला.

तसेच उल्हासनगरला गेलो, ज्याच्याकडून टायर घेतले त्या शेटकडे. सिंधी माणूस, तोंडात सदा बडीशेप. सगळं ऐकून घेतलं आणि पोराकडे बघून म्हणाला, "अरे साईं, मम्मी को लेके जाना है के मछली पकडने? ही चिखलाची हवा आहे. हायवेवर ढिला टायर काय करतो? वाकतो, सरळ होतो, वाकतो, सरळ होतो. गरम होणार. फिर एक दिन फटाक."

हे मला पटलं. तार तोडायची तर आपण तशीच वाकवतो, आणि बोटाला चटका बसतो.

मी म्हणालो, "मग कडेला लिहिलंय तेवढी भरायची?"

"चाचा, वो तो हद है. याच्या वर जायचं नाही, असं लिहिलंय. एवढी भराच, असं कुठं लिहिलंय?"

मुलगा म्हणाला, "दरवाजावर स्टिकर आहे, त्याच्यावर आकडा..."

"तो जुन्या चाकांचा. बायको बदलली, सासरा तोच ठेवतो काय?"

"मग नक्की किती? तोंडानं सांग ना एकदा," मी जरा चढ्या आवाजात.

"मी कसं सांगू? गाडी किती जड, माणसं किती, सामान किती. टायर को ही पूछो." असं म्हणून त्यानं गल्ल्यातून खडू काढला. टायरच्या रुंदीवर आडवी रेघ ओढायची, साध्या डांबरी रस्त्यावर सरळ चालवायची, उतरून बघायचं. मधला खडू पुसला आणि कडेचा राहिला तर हवा जास्त, टायर फुगून पोटावर चाललाय. कडेचा पुसला, मधला राहिला तर हवा कमी. सगळी रेघ सारखी पुसली तर बरोबर. हवा मोजायची ती सकाळी, गाडी हलायच्या आधी, टायर गार असताना, आणि दरवेळी एकाच काट्यावर. "और सुनो, जितने जानेवाले हैं उतना वजन रखके चलाना. खाली गाडी का जवाब अलग आएगा."

घरी आल्यावर वजनाचा प्रश्न आला. मुलगा होता, मी होतो. ती नव्हती. तिला रोज त्या परीक्षेत बसवणार कोण? मी म्हटलं तिच्या जागी तांदळाची गोणी ठेवू.

आतल्या खोलीत गोणी होती. मी दोन्ही हातांवर घेतली, तिला घेतो तशी. जड. ती एवढी नव्हती. खाली ठेवून दोन पायल्या तांदूळ काढले. परत उचलली. अजून जड. अजून काढले. मोजायला वजनकाटा होता घरात, मुलगा आणतो म्हणाला, मी नको म्हटलं. माझ्या हातांना माहीत होतं. काढत गेलो, उचलत गेलो. जमिनीवर तांदळाचा ढीग वाढत चालला आणि गोणी खाली बसत चालली. एकदा उचलली आणि हात म्हणाले, हां, ही. मी गोणी घेऊन उभा राहिलो. किती वेळ ते सांगता येत नाही. गोणी अर्धीसुद्धा भरलेली नव्हती.

बाहेर घेऊन आलो तर ती खुर्चीतून बघत होती. गोणी बघितली, माझं तोंड बघितलं.

"एवढीच राहिले होय मी?"

मी म्हणालो, "तांदूळ जुना आहे, हलका लागतो."

"जुनाच शिजतो बरा," ती म्हणाली. "बांधा तिला पट्ट्यानं, पडेल."

मग रोज सकाळी तोच उद्योग. मी चाकाशी बसून खडू ओढायचो, ती खुर्चीतून हुकूम सोडायची. "वाकडी झाली. मास्तर काय शिकवत होता चौथीपर्यंत?" गोणी पट्टा लावून सीटवर बसलेली. मुलगा जीप बाहेर काढायचा आणि आम्ही तिघं निघायचो, तो, मी आणि तांदूळ. त्या सकाळी अजून डोळ्यांपुढं येतात. धुकं नदीकडून वर आलेलं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापलेलं भात, आणि समोरच्या सीटवर गोणी अशी शांत बसलेली की मी एकदोनदा तिला काहीतरी सांगायला तोंड उघडलं. "बघ, बगळे किती उतरलेत." असलं काहीतरी. तोंड मिटून घेतलं, पोरगा काय म्हणेल म्हणून. आता तिच्या सीटवर बसून एकटाच बोलतो, कुणाची पर्वा नाही.

पुन्हा गच्च भरून सुरुवात केली. पहिल्या दिवशी मधलाच खडू गेला. थोडी हवा सोडली. मग बराचसा गेला, कडेला दोन पांढरे ठिपके राहिले. अजून सोडली. मग कडा गेल्या आणि मध्ये पुसट रेघ राहिली, म्हणजे पलीकडे गेलो. परत थोडी भरली. पंपावरचा पोऱ्या वैतागला. म्हणाला, "काका, एकदा ठरवा की. घालताय आणि काढताय, घालताय आणि काढताय." मी म्हटलं तुझ्या बापाची हवा आहे का, भर.

दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी रेघ सगळी सारखी पुसली. या टोकापासून त्या टोकापर्यंत फक्त धूसर खुणा. टायरला हात लावला, कोमट. गच्च भरली होती त्यापेक्षा खूप खाली, आणि चिखलाच्या हवेपेक्षा बरीच वर. तांब्या ठेवून बघितला. दोन घोट सांडलं.

ती म्हणाली, "दोन घोट सोसते मी."

माझं मन मानेना. म्हटलं अजून जरा सोडू, तेही वाचतील. मुलगा नाही म्हणाला. आमची जुंपली. "तुझ्या टायरला जपतोस, आईला नाही," असं मी त्याला बोललो. त्यानं शेटला फोन लावून माझ्या हातात दिला. शेट म्हणाला, "चाचा, हवा कम मत करो. ती टायरची आहे. आराम पायजे तर स्पीड कमी करा, तो तुमचा आहे." मी फोन परत दिला. त्या दिवशी पोरानं तिच्या सीटवर आईची जुनी गोधडी घडी करून घातली, मला न विचारता.

भाऊबीजेच्या सकाळी मुलानं गार टायर मोजले, चारही सारखे. मी तिला उचलली. निळी साडी, केसात अबोली. सीटवर ठेवली, पट्टा लावला, पायाखाली उशी दिली. मी मागून हात घालून तिचा खांदा धरला. ओवाळणीचं ताट माझ्या मांडीवर.

बारवीवरून मुरबाडला निघालो. सुरुवातीला तिची बोटं माझ्या मनगटावर होती. खड्डा दिसला की मुलगा आधीच सांगायचा, "आई, आला." खड्डा यायचा, चाक त्याला पोटात घ्यायचं, आणि वर आमच्यापर्यंत नुसती एक लाट यायची. बोटं आवळायची, सैल व्हायची. मुरबाड गेलं. मागून गाड्या हॉर्न मारून पुढं जायच्या, एकजण काच खाली करून म्हणाला, "एवढे मोठे टायर आणि बैलगाडीसारखी काय चालवतो रे?" ती खिडकीतून म्हणाली, "बैलं म्हातारी आहेत बाबा."

टोकावड्याला चहाला थांबलो. मी चारही टायरांवर तळहात ठेवून फिरलो. ऊबदार, पण हात टिकत होता. मुलानं काटा लावला, सकाळपेक्षा वर गेलेला. तो हवा सोडायला निघाला. मी हात धरला. गरम टायर जास्तच दाखवणार, गार झाला की परत जागेवर येणार. एवढं आता मलाही कळत होतं.

घाटात ढग खाली आले होते. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला काही नाही. ती बोलत होती, इथं लहानपणी बैल पाणी प्यायचे, तिथं बापानं करवंदं काढून दिली. मग वाक्यं तुटायला लागली. घाट चढून वर आलो, रस्ता सरळ झाला, दोन्ही बाजूंना कांद्याची हिरवी रोपं. आणि माझ्या मनगटावरची बोटं सुटली.

मी घाबरलो. पुढं वाकलो. तिचं डोकं खिडकीला टेकलेलं, तोंड किंचित उघडं, आणि श्वास चालू. संथ. ती झोपली होती. कळ येत नव्हती. आली असती तर उठली असती. चाकांचा एक घुमल्यासारखा आवाज येत होता, त्या खोल खाचांचा, आणि त्या आवाजात ती झोपली होती.

मी मुलाच्या खांद्याला बोट लावलं आणि तोंडावर बोट ठेवलं. त्यानं बघितलं. रस्त्याकडे बघत राहिला, पण त्याचे डोळे भरलेले मला आरशात दिसले.

माहेरच्या गावाचं वळण आलं. वळणावर पिंपळाखाली तिचा भाऊ खुर्ची टाकून बसलेला. कुणीतरी त्याला तिथं आणून बसवलं असणार. पांढरी टोपी, इस्त्रीचा शर्ट. आम्हाला बघून त्यानं हात वर केला.

मुलानं वेग कमी केला. आतला रस्ता मातीचा, दगडाचा. थांबलं की ती उठणार, आत वळलं तरी उठणार.

"बाबा?"

"चल पुढं," मी म्हणालो.

जीप त्याच्यासमोरून निघून गेली. तो हात तसाच वर धरून मान वळवत राहिला. लगेच माझा फोन थरथरला.

"दाजी, डोळे फुटले काय? मी काय बुजगावणं वाटलो?"

मी तोंडाजवळ हात धरून म्हणालो, "झोपलीय ती."

त्याला सगळं माहीत होतं, महिनोन्‌महिने फोनवर तिच्याशी बोलत होता तो. म्हणाला, "मग थांबू नका. जाऊ द्या लांब."

आम्ही गेलो. किती गेलो ते मोजलं नाही. ऊन उतरत होतं, उसाची शेतं येत होती, गावं येत होती आणि मागं जात होती. मला वाटलं असाच रस्ता नगरपर्यंत, त्याच्याही पुढं, जिथं डांबर संपेल तिथपर्यंत जावा. शेवटी पोरानंच एका मोठ्या मोकळ्या जागी हळूच वळवली, तिला न हलवता, आणि आम्ही तोच रस्ता परत निघालो.

माहेरच्या दारात जीप थांबली तेव्हा ती जागी झाली. दिवे लागले होते. बाहेरचा अंधार बघून आमच्याकडे रागानं बघितलं. मी तिला उचलून आत नेली, भावासमोर पाटावर बसता येईना म्हणून खुर्चीत बसवली. दोघं दोन खुर्च्यांवर, गुडघ्याला गुडघा लागेल असे. तिनं त्याला कुंकू लावलं, अक्षता टाकल्या.

"दुपारच्या जेवणाला यायचं होतं," ती म्हणाली. "एवढा उशीर कसा झाला रे?"

भावानं माझ्याकडे बघितलं, मी जमिनीकडे.

"रस्ता लय खराब आहे आक्का," तो म्हणाला. "खड्डेच खड्डे."

ती ओवाळायची थांबली. निरांजन हातात तसंच.

"मला तर एकही नाही लागला," ती म्हणाली.